'खरी गरज ओळखा, काम आटणार नाही' – खरंच?

रात्रपाळी: परवा आपल्या या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "क्लायंटची खरी गरज ओळखा, फ्रीलान्सरचं काम कधीच आटत नाही." संतापच आला. मी औषध-चाचण्यांची संमतीपत्रकं मराठीत आणते. खेड्यातल्या रुग्णाला सही करण्याआधी सगळं कळलं पाहिजे, म्हणून लांबलचक वाक्यं छाटून कमी शब्दांत, सुटसुटीत करते. खरी गरज हीच ना? पण एजन्सी मराठी शब्द मोजून पैसे देते. म्हणजे नीट लिहिलं की बिल कमी!

खिळेजुळारी: ताई, मग शब्दांऐवजी पानामागे दर सांगा. मी डीटीपी करतो, म्हणजे छपाईसाठी पानं लावतो. छापखान्याला श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल चालते, पण तोच मजकूर वेबसाइटवर टाकला की वाचताच येत नाही. म्हणून मजकूर कुठे कुठे जाणार ते आधी विचारतो आणि युनिकोड, म्हणजे वेबवरही वाचता येणारी, फाइल वेगळे पैसे लावून देतो. एका दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे त्यावरच टिकून आहे.

रात्रपाळी: आणि त्या अंकाचे पैसे दिवाळीत मिळतात?

खिळेजुळारी: ...मिळतात. संक्रांत उजाडते, हे खरं.

वऱ्हाडी: माझंही हेच! माझं अ‍ॅनिमेशन वापरून झालं, जाहिरात येऊन गेली, अन् एजन्सीचं एकच, "अकाउंट्सवाले सुटीवर आहेत."

चोख_हिशेब: उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारदरबारी नोंद, केलीय का? फुकट होते. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी मात्र कामाआधीच केलेली बरी.

वऱ्हाडी: कायदा सांगू नका हो! थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की पुढचं काम बंद. घर तुम्ही चालवणार का माझं?

चोख_हिशेब: पैसेच न देणाऱ्याचं पुढचं काम हवंय कशाला? तुम्ही गप्प बसता म्हणून आम्हालाही तीच सबब ऐकावी लागते.

वऱ्हाडी: आवाज खाली. नागपुरात अशी कामं देणारे मोजकेच आहेत, अन् सगळे एकमेकांना ओळखतात.

खिळेजुळारी: भांडू नका. निम्मे आगाऊ घ्या, उरलेले आल्याशिवाय मूळ फाइल देऊ नका.

वऱ्हाडी: हे जमेल. बाकीचं पटलेलं नाही.

रात्रपाळी: पानाचा दर मीही सांगून बघते. पण 'कधीच आटत नाही' हे मागे घ्याच. हल्ली मेल येतात ते "मशीनचं भाषांतर फक्त तपासून द्या, निम्म्या दरात" असे. त्या संमतीपत्रकावर सही करणाऱ्या माणसाची गरज तिथे कोण विचारतंय?