मदत हवी आहे: पार्किंग अटेंडंटना प्रश्न कसे विचारू?

नमस्कार मंडळी. पार्किंग अटेंडंटच्या कामातल्या समाधानावर प्रकल्प करतेय आणि प्रश्नावलीपाशी अडकलेय.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची नोकरीतलं समाधान मोजणारी 1985 सालची प्रश्नावली घेतली होती. 36 विधानं, 9 पैलू: पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी वगैरे. त्यात 'कामाची परिस्थिती' म्हणून जो पैलू आहे, तो मुख्यतः नियम आणि कागदपत्रांच्या जाचाबद्दल आहे. माझ्यासमोरची माणसं सांगतात ते वेगळंच. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, जागा सोडता येत नाही म्हणून पाणी कमी पितात. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्यांचा धूर कोंडतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. हिशेबात तूट आली तर स्वतःच्या खिशातून भरायची. वर गाडीवाल्यांच्या शिव्या, त्याही नियम या अटेंडंटनी केलेला नसताना!

तरीही 'समाधानी आहात का?' विचारलं की बहुतेक जण 'हो' म्हणतात. मला हे उत्तर खरं वाटत नाही. सुपरवायझर जवळपास असतो, हे एक कारण असावं. पण एक काका म्हणाले, "गाडी अडचणीतून बाहेर काढून दिली की बरं वाटतं." तेही खोटं नव्हतं.

कोणी असं काम केलंय का, किंवा अशा मुलाखती घेतल्यात का? शौचालय, धूर, शिवीगाळ यांचे प्रश्न वेगळे जोडू का? आणि नोकरीला धक्का न लागता त्यांना मोकळेपणी बोलता यावं, यासाठी कुठे, कधी भेटावं? कृपया सविस्तर सांगा.