मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या मुलाखती नेमके काय मोजतात?

मूळ लेखन

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत अभियंत्याच्या निवडीसाठी चार-पाच फेऱ्या होतात आणि त्यांतल्या निदान दोन-तीन फेऱ्यांत, अनोळखी माणसाच्या देखत, पाऊण तासात अल्गोरिदमचा, म्हणजे संगणकाने पायरी-पायरीने उत्तर कसे काढावे याचा, एखादा प्रश्न सोडवावा लागतो. रुजू झाल्यावर मात्र बहुतेक वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, त्यातले दोष हुडकण्यात आणि इतर टीमशी बोलणी करण्यात जातो. त्यामुळे ही पद्धत कामाची कुवत कमी आणि सराव जास्त मोजते, असे माझे मत आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी परीक्षकासमोर फळ्यावर, तर काहींनी एकांतात प्रश्न सोडवला. परीक्षकासमोर सोडवणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहूनही कमी भरली. म्हणजे आपण बुद्धी तपासतो आहोत की धीटपणा?

प्रतिसाद १

असहमत. तो प्रयोग विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि अनुभवी उमेदवारांबाबत त्यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शिवाय या कंपन्या काहीच शिकत नाहीत, असेही नाही. ‘विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील’ या छापाची कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, हे गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. गूगलमध्ये मुलाखतकारांच्या लेखी नोंदी वाचून भरती समिती मत बनवते, तर अ‍ॅमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ म्हणून दुसऱ्या टीमचा माणूस बसतो आणि तो निवड अडवू शकतो. जिथे व्यवस्थापक आपल्या ओळखीचा माणूस सहज आत घेऊ शकतो, तिथे काम केलेल्यांना या तटस्थपणाची किंमत कळेल.

प्रतिसाद २

समिती तटस्थ असेल, पण तिच्यापुढे येणाऱ्या नोंदी त्याच पाऊण तासाच्या असतात. चुकीचा माणूस घेण्यापेक्षा चांगला माणूस सुटलेला परवडला, हा हिशेब कंपनीला परवडतो, कारण सुटलेल्या माणसाचे नुकसान तिच्या खात्यात कधी दिसतच नाही. नोकरी आणि मुले सांभाळून रात्री लीटकोडवर (अशा मुलाखतींच्या सरावाचे संकेतस्थळ) प्रश्न सोडवणारा आणि दिवसभर मोकळा असलेला पदवीधर एकाच तराजूत तोलले जातात, हे प्रतिसाद १ मध्ये आलेच नाही. आत गेल्यावरही हीच मानसिकता टिकते: बढतीचा निर्णय कागदावर दिसणाऱ्या ‘प्रभावा’वर होत असेल, तर जुनी यंत्रणा नीट चालती ठेवणाऱ्यापेक्षा नवे काही उभारणारा पुढे जातो.

प्रतिसाद ३

बढतीविषयीचे निरीक्षण मान्य, परंतु तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे. पर्याय कोणता, ते सांगा. घरी करायला दिलेले काम विनामोबदला असते, त्यात कित्येकदा अख्खा शनिवार-रविवार जातो, आणि आता तो कोड उमेदवाराने लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने, हे ओळखणे दुरापास्त झाले आहे. मुले सांभाळणाऱ्याला ते अधिकच जड जाईल.

मूळ लेखकाचे उत्तर

घरी करायच्या कामाचा आग्रह माझाही नाही. अल्गोरिदमच्या फेऱ्यांपैकी एक काढून तिथे दोष असलेला, हजारभर ओळींचा अनोळखी कोड द्यावा, उमेदवाराला पहिली वीस मिनिटे एकट्याला वाचू द्यावे, आणि मग त्याला काय सापडले व कशावरून, यावर बोलावे. प्रश्न फुटला तर कोड बदलावा लागेल आणि मुलाखतकाराला आधी तयारी करावी लागेल. मला वाटते, खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीचीच आहे.