पाइनफोनवर गाणं मध्येच तुटतंय, वडिलांच्या जुन्या कॅसेटी ऐकायच्यात

मिरजकर_७९
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

वडील मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात होते, जवारी लावायचं काम (तार झणझणत गुंजावी म्हणून घोडी घासून घडवणं), जन्मभर तेच केलं. उरुसाला दर्ग्यात गाणं असायचं तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन अगदी पुढे जाऊन बसायचे. त्यातल्या ६० कॅसेटी अजून शाबूत आहेत. गेल्या वर्षी मी एकेक करत सगळ्या लॅपटॉपवर घेतल्या, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणारा फाइलचा प्रकार), २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, म्हटलं एकदाच करायचंय तर नीट करू. आता वडील ७८ चे आहेत, फार उठबस होत नाही, म्हणून माझा पाइनफोन (लिनक्सवर चालणारा फोन) त्यांच्या उशाशी ठेवायचा ठरवला. ३ जीबीवालं मॉडेल आहे, मोबियन नावाचं लिनक्स टाकलंय, गाणी वाजवायला एमपीडी हा प्रोग्रॅम, त्याच्याखाली आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारा पाइपवायर. मुद्दाम हाच फोन घेतला कारण यात जाहिरात नाही, बॅटरी नखाने काढता येते, आणि उद्या कुणी एखादं अॅप बंद केलं म्हणून हे गाणं बंद पडणार नाही.

पण तीन भानगडी आहेत. स्पीकरवर दर दहा-पंधरा सेकंदांनी टक् असा आवाज येतो, सिनेमाच्या गाण्यात कदाचित कळणार नाही पण इथे मागे तंबोरा अखंड चालू असतो त्यामुळे प्रत्येक वेळी कानाला लागतं, वडील म्हणतात तार तुटल्यागत वाटतंय. दुसरं म्हणजे स्क्रीन बंद झाली की पाचेक मिनिटांत गाणंच थांबतं. आणि हेडफोन लावला तर अजिबात आवाज नाही, आधी यायचा. कुणी वापरतंय का हा फोन?

कोथरूडचा_पेंग्विन
दादा, आधी टक् चं बघू. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) पीडब्ल्यू-टॉप ही पाइपवायरची कमांड चालवा आणि गाणं लावून ठेवा. त्यात ईआरआर नावाचा रकाना आहे, टक् झालं की तो आकडा वाढतो का बघा. वाढत असेल तर साउंड चिपला पुढचा तुकडा वेळेत पोचत नाहीये. क्वांटम म्हणूनही एक रकाना दिसेल (एका वेळी आवाजाचे किती नमुने द्यायचे तो आकडा), तो किती आहे ते लिहा. नेहमीचं क्वांटम १०२४ असतं, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या रेटला साधारण २१ मिलिसेकंद, दर २१ मिलिसेकंदांनी प्रोसेसरने उठून आवाजाचा पुढचा घास द्यायचा. या फोनच्या प्रोसेसरमधल्या चार ए५३ कोअरना तेवढं जड जाऊ नये.

मिरजकर_७९
वाढतोय! अर्ध्या तासात ईआरआर १४० झाला. आणि क्वांटम २५६ दाखवतंय.

कोथरूडचा_पेंग्विन
सापडलं मग. २५६ म्हणजे फक्त ५ मिलिसेकंद. पाइपवायरमध्ये जे अॅप सगळ्यात लहान क्वांटम मागतं तेच बाकी सगळ्यांना लागू होतं, तुमचं मागे एखादं रेकॉर्डिंगचं अॅप उघडं राहिलं असेल, पीडब्ल्यू-टॉपच्या यादीतच नाव दिसेल, ते बंद करा. शिवाय एमपीडीच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) आउटपुट थेट पाइपवायर प्रकारचं ठेवा (०.२३ आवृत्तीपासून आहे ते) आणि पाइपवायरच्या कॉन्फिगमध्ये मिन-क्वांटम २०४८ करा. म्हणजे ४२-४३ मिलिसेकंद. गाणं ऐकताना एवढा उशीर कुणाला कळतो, वडिलांना काही त्याच्यासोबत वाजवायचं नाहीये. या फोनवरून कॉल करायचे असते तर मी हे सांगितलं नसतं, पण तो तर फक्त गाण्यासाठी आहे ना.

ध्वनीवेडी
मी रेकॉर्डिंगचं काम करते म्हणून फाइलींबद्दल बोलते. ९६ किलोहर्ट्झ घेतलंत ते मूळ प्रत म्हणून छान केलंत, ती हार्ड डिस्कवर तशीच राहू द्या, दोन ठिकाणी ठेवा. पण फोनवर तीच फाइल वाजवण्यात काही मिळत नाही. घरगुती डेकवर भरलेल्या साध्या कॅसेटमध्ये १५-१६ किलोहर्ट्झच्या वर ऐकण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं आणि बिचारा फोन प्रत्येक सेकंदाला ९६ चं ४८ करत बसतो. हिशोब बघा, ४० मिनिटांची एक बाजू २४ बिट ९६ ला कच्ची १.३ जीबीच्या पुढे जाते, फ्लॅकने कमी होते तरी शेकडो एमबी. तीच ओपसमध्ये (आवाज दाबून लहान करणारा फाइलचा प्रकार) १२८ केबीपीएसला केलीत तर ३८ एमबी! ओपस मुळातच ४८ ला चालतं त्यामुळे रेट बदलायचा प्रश्नच संपतो. रूपांतर लॅपटॉपवर करा, फोनवर नको.

आणि एक विनंती आहे, मनापासून. टेपचा सूं आवाज काढायला नॉइज रिडक्शन लावू नका. मी हे एकदा केलंय आणि अजून वाईट वाटतं, सूं गेला पण तंबोऱ्याची जवारीही त्याच्याबरोबर गेली, खाली नुसता गुंऽऽ राहिला. जवारीचे वरचे स्वर आणि तो सूं दोन्ही एकाच पट्ट्यात असतात, सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. तुमच्या वडिलांना तर पहिल्या मिनिटाला कळेल.

जर्मनीतला_सोलापूरकर
माझ्याकडे हाच फोन आहे. हेडफोनचं उत्तर मला बहुतेक माहितीये, मागचं झाकण काढा, आत सहा बारीक स्विच आहेत, ते तुम्ही हलवलेत का?

मिरजकर_७९
हो, वडिलांना सिम नको, कॅमेरा नको म्हणून टूथपिकने मोडेम, माइक, दोन्ही कॅमेरे बंद केले. वायफायचा तेवढा चालू ठेवला. शेवटचा कशाचा ते कळलं नाही, तोही केला बंद.

जर्मनीतला_सोलापूरकर
तोच. सहावा स्विच हेडफोनचा. तो बंद केला की हेडफोनचं भोक सीरियल पोर्ट बनतं, डेव्हलपर लोकांना केबल लावून आतला लॉग वाचता यावा म्हणून. परत चालू करा, आवाज येईल.

गाणं थांबतं ते फोन झोपतो म्हणून. स्क्रीन बंद होणं वेगळं आणि सस्पेंड वेगळं, सस्पेंडमध्ये मेन प्रोसेसरच थांबतो, मग एमपीडी कुठून वाजणार. सेटिंग्जमध्ये पॉवरमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड आहे, बॅटरीवर आणि चार्जिंगवर असं वेगवेगळं, उशाशीच राहणार असेल तर दोन्ही बंद करा आणि रात्री चार्जरला लावत जा. स्क्रीन खुशाल बंद होऊ द्या.

ब्लूटूथचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा, या फोनचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात, त्याच चिपवर. घरच्या सर्व्हरवरून वायफायने गाणं ओढत ब्लूटूथने ऐकलं की तुटतंच. एसडी कार्डावर फाइली टाका नि वायरचा हेडफोन द्या.

मिरजकर_७९
सगळं केलं. रेकॉर्डर उघडाच होता, बंद केला, २०४८ केलं. सहावा स्विच चालू केला, आवाज आला. काल संध्याकाळी ४० मिनिटांची अख्खी बाजू एकदाही न तुटता वाजली, ईआरआर शून्य. वडील डोळे मिटून ऐकत होते. मग हेडफोन काढून म्हणाले, गाणं छान येतंय पण सा चुकीचा आहे. मी म्हटलं असं कसं, तर म्हणाले त्या दिवशी तंबोरे मीच लावले होते, पेटीची काळी एक होती, हे पांढरी दोन लागतंय. पेटी काढून बघितलं तर खरंच पांढरी दोन! आता हे फोनचं की माझ्या रूपांतराचं?

ध्वनीवेडी
दोन्हीचं नाही, टेपचं आहे. वडिलांच्या रेकॉर्डरमध्ये भरताना टेप किंचित हळू फिरली असणार किंवा तुमचा डेक जलद फिरतोय, जुने बेल्ट नि मोटरी असंच करतात. पांढरी दोन ते काळी एक म्हणजे अर्धा स्वर, वेग साधारण ६ टक्के जास्त. सॉक्स या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड हा इफेक्ट ०.९४४ देऊन लावा. पिच किंवा टेम्पो लावू नका, टेपचा वेग चुकला की सूर आणि लय दोन्ही एकदम सरकतात त्यामुळे दोन्ही एकदमच मागे आणायचे. ४० मिनिटांची फाइल ४२ च्या थोडी पुढे जाईल, ते बरोबरच आहे. मूळ ९६ च्या फाइलवरून करा, ओपसवरून नको. आणि आधी दोन-तीन कॅसेटी तपासा, चूक सगळीकडे सारखीच असेल तर डेकची किंवा रेकॉर्डरच्या मोटरची, एखाद्याच कॅसेटला असेल तर त्या दिवशीच्या रेकॉर्डरच्या बॅटरीची.

मिरजकर_७९
आज तीन तपासल्या, वडील ऐकून सा सांगतात, मी पेटीवर बघतो. तिन्ही अर्धा स्वर वर. म्हणजे चूक एखाद्या कॅसेटची नाही, यंत्राचीच. ०.९४४ लावून ६० च्या ६० रात्री रूपांतराला टाकतोय.

त्यातल्या दोन कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही, त्या कुठल्या साली भरल्या ते वडिलांनाही आठवत नाही. त्यांची नावं काय द्यायची ते त्यांनी ऐकल्यावर ठरवू.