घात तीनच्या पटीत हवा असेल तर
लॉगचं लांबलचक सूत्र लिहिल्याशिवाय इंजिनिअरिंग नोटेशन (दहाचा घात नेहमी तीनच्या पटीत ठेवून आकडा लिहिण्याची पद्धत) येत नाही, असं म्हटलं जातं; एक्सेलपुरतं तरी ते पटत नाही. कस्टम फॉरमॅटमध्ये दशांशचिन्हाच्या डावीकडे दोन हॅश आणि एक शून्य द्या, उजवीकडे दोन शून्यं, मग इंग्रजी ई (म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’), अधिकचिन्ह, शून्य: ##0.00E+0. डावीकडे तीन जागा झाल्या की घात तीनच्याच पटीत बसतो. ०.०००२२ लगेच २२०.००ई-६ दिसतं, म्हणजे थेट मायक्रो (दशलक्षांश)!

पण यात दशांशस्थळं ठरलेली राहतात, सार्थ अंक (मोजमापातले भरवशाचे अंक) नाहीत. १२३४ चे १.२३ई+३, तर १२३४०० चे १२३.४०ई+३. मोजमापाच्या तक्त्यात ही फसवी अचूकता मला खटकते. तिथे सूत्र जरूर वापरा, फक्त त्यातून निघालेला मजकूर वेगळ्या स्तंभात ठेवा. बेरीज-सरासरी मूळ आकड्यांवरच करा.