शेल्टरची चार पिल्लं दीड महिना घरी सांभाळायला घ्यावीत का? (लातूर)

लातूरची_सून:
इथल्या एका शेल्टरवाल्यांचा फोन आला होता. कुत्र्याची चार पिल्लं आहेत, पाच आठवड्यांची. आई गाडीखाली गेली. दीड महिना घरी सांभाळा, दत्तक कुणाला द्यायची ते आम्ही बघतो, असं म्हणायलेत. मला लई इच्छा आहे. पण भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रा, एप्रिल लागलाय आणि नळ आठ दिवसाला. सासूबाई म्हणतात, ठेव, पण देवघराच्या खोलीत नको. नवरा म्हणतो, लळा लागेल आणि मग रडत बसशील. कुणी केलंय का हे? आधी काय विचारून घ्यावं?

परभणीची_बाई:
ताई, रडायचं नंतर बघू, आधी पाण्याचं बघा. एवढंसं पिल्लू दिवसातून सात-आठ वेळा घाण करतं आणि त्यातली निम्मी पायानं खोलीभर पसरवतं. चार पिल्लं म्हणजे रोजच्या दोन-तीन बादल्या नुसत्या फरशीला. नळ आठ दिवसाला असेल तर दोनच घ्या. रद्दी मात्र आत्तापासून साठवा.

मी हे अनुभवानं सांगायलेय. पहिल्यांदा तीन पिल्लं आणली. "लस झालीय, जंताचं औषध झालंय" असं तोंडी सांगितलं होतं, मीही कागद मागितला नाही. तिसऱ्या रात्री एकानं खाणं सोडलं. मोरीच्या गार भिंतीला तोंड लावून पडलं होतं. सकाळी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्याला होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. शेल्टरचा फोन दोन दिवस कुणी उचलला नाही. आमच्याकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे म्हणून सलाईन तरी लागलं. दोन गेली, एक जगलं.

आणि मी वेडी रोज फिनाईलनं फरशी पुसत होते! फिनाईलनं पार्व्हो मरत नाही, फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. आधी घाण धुऊन काढायची, मग कपड्यांचं ब्लीच एका मापाला 30 मापं पाणी घालून 10 मिनिटं फरशी ओली ठेवायची. पिल्लं तेवढा वेळ दुसरीकडे. त्यानंतर सहा महिने मी घरात पिल्लू आणलं नाही, लस झालेली मोठी कुत्रीच सांभाळली. तुमच्या घरी आधीचं कुत्रं असेल तर नवी पिल्लं दोन आठवडे त्याच्यापासून लांब.

लस 6 ते 8 आठवड्यांना सुरू होते, मग दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांपर्यंत. म्हणजे दोन डोस तुमच्याच घरी येणार. कोण देणार, पैसे कुणाचे, रात्री-अपरात्री डॉक्टर कोणता, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी नको. उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला ते जवळ.

सासूबाई मायेनं दूध-भाकर कुस्करून घालतील. त्यांना हळूच सांगा, वरच्या दुधानं पिल्लांना ढाळ लागतात. पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून चार वेळा. मी रोज सकाळी स्वयंपाकाच्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात पिल्लू बसवते. वजन कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. दोन दिवस वजन वाढलं नाही की दवाखाना, तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. पत्र्याखाली दुपारी बाजेखाली ओलं बारदान टाकून द्या, आपोआप जाऊन पडतात.

नांदेड_हॉस्टेल:
मावशींनी सगळं सांगितलंच. एक राहिलं. पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर "लहानच आहे" म्हणून सोडू नका. नळाखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं आणि सरकारी दवाखान्यात जायचं, रेबीजची लस तिथं फुकट मिळते. पिल्लांना ती तीन महिन्यांनंतरच देतात, म्हणजे तुमच्याकडे असेपर्यंत झालेलीच नसणार.

गावाकडचा:
माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही कुत्र्याच्या खोल्या धुवा.

परभणीची_बाई:
दादा, म्हणून तर दोनच घ्या म्हणलं. वाचा की वर. आमच्याकडं भांडी धुतलेलं पाणी झाडाला आणि कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला जातं.

लातूरची_सून:
दोनच आणली. शेल्टरवाल्यांनी लसीचं आणि डॉक्टरच्या पैशाचं मेसेजवर लिहून दिलं, थोडी कुरकुर केली पण दिलं. उरलेली दोन औशाच्या एका बाईंकडे गेली. आज सकाळचं वजन 1 किलो 640 आणि 1 किलो 310. बारकं पातेल्यातच मुतलं. सासूबाईंनी ते पातेलं आता स्वयंपाकघरात घ्यायचं नाही म्हणून गॅलरीत पालथं घातलंय, आणि मघाशी विचारत होत्या, बारक्याला नुसती भाकर तरी चालते का गं.