मदत हवी आहे: समुद्रतळाखाली खोल जाताना तापमान कमी होतंय?

कोथरूडचा_विद्यार्थी:
नमस्कार. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, गुरुवारी गाईडना आलेख दाखवायचाय आणि चार दिवस मी एकाच जागी अडकलोय. खोल समुद्रातल्या एका विहिरीच्या तापमानाच्या सात फाइल्स आहेत. पहिली चार उत्तरं सरळ रेषेत येतात: ३.९, ५.३, ६.७, ८.१. पुढची तीन ४.४, ४.१, ४.९! पायथनचा कोड सातही फाइल्सना तोच आहे. कुणाला असा अनुभव आलाय का? प्लीज लवकर सांगा.

काळा_कातळ:
कुठल्या खोलीवरची तापमानं? उपकरण कुठलं? तळाच्या पाण्याचं तापमान किती? "उत्तर" म्हणजे फाइलमधला शेवटचा आकडा की गणित करून काढलेला?

कोथरूडचा_विद्यार्थी:
खोली लिहायची राहिली. समुद्रतळापासून ३५.२ मीटरला पहिलं, मग दर तिसऱ्या कोअरला (नळीने काढलेला गाळाचा लांब नमुना) म्हणजे दर २८.५ मीटरवर पुढचं, शेवटचं २०६.२. उपकरण एपीसीटी-३, म्हणजे गाळाचा नमुना घेतानाच तापमान नोंदवणारा सेन्सर. तळाचं पाणी २.१. गणित करूनच काढलंय.

निवृत्त_तेलवाला:
बाळा, हॉर्नर प्लॉट काढ, म्हणजे वेळेनुसार बदलत्या तापमानाचा आलेख पुढे वाढवून खरं तापमान काढायचं. तीस वर्षं आम्ही तेलविहिरींची तापमानं अशीच दुरुस्त केली. खणताना ड्रिलिंगचा चिखल फिरवल्यामुळे विहीर थंड पडते, म्हणून आकडे कमी दिसतात. चिखल किती वेळ फिरवला आणि बंद करून किती वेळ झाला, एवढं सांग. बाकी मी करून देतो.

काळा_कातळ:
काका, तुमची पद्धत तुमच्या विहिरींना बरोबर आहे, इथे ती लागू होत नाही. इथे सेन्सर कोअररच्या, म्हणजे नमुना काढणाऱ्या नळीच्या, पोलादी टोकातच बसवलेला असतो. कोअरर ड्रिलच्या पुढे साडेनऊ मीटर न हललेल्या गाळात घुसतो, त्यामुळे तिथला गाळ थंड झालेला नसतो. उलट घुसताना घर्षणाने टोक तापतं. मग दहा मिनिटं ते हलू न देता धरतात आणि उतरत्या तापमानावरून मूळ तापमान काढतात. टोक जाड असल्यामुळे दहा मिनिटांत ते पूर्ण निवत नाही, म्हणून मॉडेल लागतं.

निवृत्त_तेलवाला:
शेवटी निवणारी वस्तूच ना? वेळेच्या व्यस्तावर आलेख काढला की रेषा मिळतेच.

काळा_कातळ:
बारीक सुईसारख्या प्रोबला मिळते. या टोकाला दहा मिनिटांत ती रेषा वाकडीच राहते आणि उत्तर चुकतं. त्यासाठीच मॅटलॅबवर चालणारं टीपी-फिट हे सॉफ्टवेअर आहे, ते टोक निवण्याचं मॉडेल वक्राला जुळवतं. त्यात गाळाची उष्णतावाहकता द्यावी लागते.

डेटाप्रेमी:
इतकं कशाला? सातही वक्र न्यूरल नेटवर्कला द्या, शेवटचं तापमान ते स्वतः सांगेल. मी शेअर बाजारासाठी असंच मॉडेल केलंय, कोड पाठवू का?

काळा_कातळ:
सात वक्रांवर ते काय शिकणार? वस्तू कशी निवते याचं समीकरण आपल्याला माहीत आहे, तेच वापरू या.

मुळशीवाला:
विषय बोअरचा निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या शेतातल्या बोअरचं पाणी थंडीत कोमट लागतं. खाली गरम झरा असेल का? कोकणात तुरळ-राजवाडीला आहेत तसा?

काळा_कातळ:
नाही हो. काही मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं. थंडीत हवा गार, म्हणून पाणी कोमट लागतं. मे महिन्यात हेच पाणी गार लागेल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

कराडकर:
थोडं अवांतर, पण आमच्या भागात कोयनेच्या भूकंपांसाठी तीन किलोमीटरची विहीर खणलीय. बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. मुलांनी जवळचं हेही बघावं. समुद्रातलंच हवं असेल तर आयओडीपी या आंतरराष्ट्रीय सागरी उत्खनन कार्यक्रमाची २०१५ ची ३५५ वी मोहीम आहे, जॉयडिस रेझोल्यूशन जहाज अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात आलं होतं.

कोथरूडचा_विद्यार्थी:
कराडकर, माहिती छान आहे, पण माझी विहीर ती नाही. गुरुवार जवळ आलाय हो! ताई, टीपी-फिट मी वापरलं नाही, मॅटलॅब नाहीये माझ्याकडे. तेच मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय आणि वाहकता मोजलेलीच घेतलीय, सरासरी १.०५. पहिली चार बरोबर येतात म्हणजे मॉडेल ठीकच असणार ना?

काळा_कातळ:
मॉडेलवर माझा संशय नाही. टोक गाळात कधी घुसलं, तो क्षण कोड कसा शोधतो?

कोथरूडचा_विद्यार्थी:
फाइलमधलं सगळ्यात जास्त तापमान. पायथनचं आर्गमॅक्स फंक्शन.

काळा_कातळ:
तिथेच आहे. एका फाइलमध्ये दोन शिखरं असतात. एक घुसतानाचं, दुसरं टोक उपसून काढतानाचं, कारण घर्षण दोन्ही वेळा होतं. खोल गाळ घट्ट धरतो, उपसायला जोर लागतो, त्यामुळे दुसरं शिखर पहिल्यापेक्षा उंच जाऊ शकतं. मग तुझा कोड उपसल्यानंतरची उतरण पकडतो, आणि तेव्हा टोक विहिरीतल्या गार पाण्यात असतं. ४.४ हे गाळाचं तापमान नाही, पाण्याचं आहे. पाचवी फाइल उघड आणि डोळ्यांनी बघ. सातही वक्र आधी काढून बघायला हवे होते.

निवृत्त_तेलवाला:
हे मात्र पटलं. आमच्याकडेही वक्र न बघता आकडा घेणाऱ्याला साहेब उभं करायचे.

कोथरूडचा_विद्यार्थी:
ताई, अगदी तसंच निघालं! तिन्ही फाइल्समध्ये दुसरं शिखर उंच आहे. पहिलं शिखर हाताने निवडलं, आता ९.५, १०.९, १२.२ येतंय. खोलीऐवजी साठत जाणारा औष्णिक रोध (गाळाची जाडी भागिले वाहकता) घेतला तर सातही बिंदू रेषेवर बसतात, उतार म्हणजे उष्णताप्रवाह साधारण ५१ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. खूप खूप धन्यवाद. एकच राहिलं: सातव्या फाइलमध्ये उतरणीच्या मध्येच, सहाव्या मिनिटाला, एक छोटा उंचवटा आहे. तो तिसरं शिखर का?

काळा_कातळ:
लाटेने जहाज वर-खाली झालं की टोक गाळात जरा हलतं आणि पुन्हा तापतं. उंचवट्याच्या आधीचीच मिनिटं घे, नंतरची टाकून दे. ते १२.२ नव्याने काढ आणि त्या बिंदूची अनिश्चितता बाकीच्यांपेक्षा मोठी दाखव.

मुळशीवाला:
ताई, धागा काढलाय. बोअर १८० फूट आहे.