डॉस पॅकेट ड्रायव्हर: पॅकेट आलं की मशीन हँग

जुन्या ४८६ पीसीवर डॉस ६.२२ आहे, एनई२००० क्लोन नेटवर्क कार्ड. पॅकेट ड्रायव्हर (कार्ड आणि माझा प्रोग्रॅम यांच्यात पॅकेटची ने-आण करणारा) हेक्स ६० इंटरप्टवर नीट लोड होतो, पाठवणंही जमतंय, पण पहिलं पॅकेट आलं की सगळं गार. रिसीव्हर (पॅकेट आलं की ड्रायव्हर बोलावतो ते फंक्शन) टर्बो सीमध्ये लिहिलाय, टेस्टिंगला आत फक्त प्रिंटएफ (स्क्रीनवर छापायला) आहे. काय बघू?

> प्रिंटएफ काढ आधी!! रिसीव्हर हार्डवेअर इंटरप्ट चालू असताना बोलावलं जातं आणि डॉस री-एंट्रंट नाही (एक काम अर्धवट असताना त्यात पुन्हा शिरता येत नाही), मग लटकणारच. शिवाय ड्रायव्हर दर पॅकेटला दोनदा येतो, आधी एएक्स या सीपीयू रजिस्टरमध्ये ० घेऊन, तेव्हा ईएस:डीआय या रजिस्टरच्या जोडीत बफरचा पत्ता द्यायचा (०:० दिलास तर पॅकेट फेकतो), मग कॉपी झाली की एएक्समध्ये १ घेऊन. तेव्हा फ्लॅग लाव नि निघ, छापाछापी मेन लूपमध्ये.

> बरोबर, आणि डीएस (डेटा सेगमेंटचं रजिस्टर) तुमच्या प्रोग्रॅमचा नसतो तिथे, तो स्वतः लोड करा. कंपायलरचं स्टॅक चेकिंगही बंद ठेवा. मी तर एवढा भाग सरळ असेंब्लीत लिहितो, सीशी कोण झगडणार.

> कार्ड आयआरक्यू (हार्डवेअर इंटरप्टची लाइन) ३ वर नाही ना? कॉम२ (दुसरा सिरियल पोर्ट) पण तिथेच असतो.

नाही, ५ वर आहे. डीएसचं डोक्यातच नव्हतं, रात्री बघतो.